पापणी खाली ओढून बघा, मग इंजेक्शन मारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुमचा पेपर आमच्या गावात डेअरीच्या कट्ट्यावर येतो. सकाळी दूध घालायला गेलं की नंबर लागेपर्यंत दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात मी पहिलं आणि शेवटचं पान वाचून घेते. ऊसदर, सीमाप्रश्न, पावसाचे आकडे सगळं असतं, पण आमच्या गोठ्यात जनावर रक्त कमी होऊन मरतं त्याबद्दल कधी चार ओळी दिसल्या नाहीत, म्हणून आज मीच लिहायला बसले. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. घरी दोन गाई, एक म्हैस, दोन कालवडी आणि पाच शेरडं, मालक बेळगावात कामाला असतात त्यामुळे गोठा सगळा माझ्या अंगावर. शिक्षण दहावी. डॉक्टर नाही मी, पण गेल्या दोन वर्षांत जे डोळ्यांनी बघितलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं ते इतरांच्या गोठ्यापर्यंत पोचलं पाहिजे असं मनापासून वाटतं.

गौरी माझी एचएफ क्रॉस गाय, म्हणजे विलायती होल्स्टीन जातीची संकरित, दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं मिळून पंधरा लिटर द्यायची. दोन वर्षांमागं श्रावणात तिनं एका सकाळी आंबोणाला तोंडच लावलं नाही. डोळ्यांतून पाणी, अंग तापलेलं, धार काढायला बसले तर तांब्याभर पण दूध नाही. आमच्याकडे जो माणूस गाई भरायला (कृत्रिम रेतन करायला) येतो त्यालाच फोन केला कारण तोच लगेच येतो, आणि खरं सांगायचं तर गावात सगळे त्यालाच बोलवतात. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्यानं तापाचं एक इंजेक्शन दिलं, मग घट्ट काळपट तपकिरी औषधाचं एक, म्हणाला वहिनी हे लोहाचं आहे, रक्त वाढतंय यानं, आणि एक लाल टॉनिकची बाटली दिली, रोज शंभर मिली पाजा म्हणून. दुसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला, मला वाटलं लागू पडलं. तिसऱ्या दिवशी परत तेच, परत लोहाचं इंजेक्शन. चौथ्या दिवशी गाय उठेना आणि पाचव्या दिवशी कुणीतरी १९६२ हा फोन नंबर सांगितला तेव्हा सरकारी गाडीतून डॉक्टर आले.

त्यांनी काय केलं तर आधी थर्मामीटर लावला, मग अंगठ्यानं गौरीच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली आणि मला जवळ बोलावून दाखवलं. आतली बाजू गुलाबी असायला पाहिजे, ती चुन्याच्या भिंतीसारखी पांढरी होती आणि कडेनं पिवळट. मग खांद्याच्या पुढं माझा हात धरून गाठ दाखवली, लिंबाएवढी टचटचीत. डॉक्टर कन्नड माणूस, मराठी मोडकंतोडकं, पण बोलले ते अजून कानात आहे, "अक्का, हे गोचीड ताप. लोह देऊन काय उपयोग. रक्त आत फुटून चाललंय." त्यांनी औषध दिलं पण उशीर झाला होता, संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला गौरी गेली. तिचं वासरू तेव्हा दीड महिन्याचं होतं.

मला त्या माणसाचा राग नाही, पण ते पाच दिवस मी विसरत नाही. पाच दिवस मी रोज तिच्या पापणीच्या दोन इंचावर उभी होते आणि पापणी ओढून बघायची हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

नंतर मी त्याच डॉक्टरांना तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन भेटले आणि विचारलं की लोहानं रक्त वाढतं असं सगळे म्हणतात, आम्हा बायकांना पण गरोदरपणात लोहाच्या गोळ्या देतात, मग गाईला का नाही चालत. त्यांनी औषधाच्या खोक्याच्या मागच्या बाजूला पेनानं चित्र काढून सांगितलं. रक्त कमी व्हायचे तीन रस्ते. एक, रक्त बाहेर जातंय, म्हणजे जखम झाली, पोटातले जंत पितात, अंगावरच्या गोचिडी पितात. दुसरा, रक्त अंगातल्या अंगात फुटतंय, लाल पेशी मोडतायत. तिसरा, नवीन रक्त तयारच होत नाही. आता दुसऱ्या रस्त्यात पेशी फुटली तरी तिच्यातलं लोह अंगातच राहतं, शरीर ते परत वापरतं, म्हणजे लोहाची टंचाई मुळात नसतेच, आणि वरून कितीही लोह टोचलं तरी पेशी फोडणारा जंतू तसाच आत बसलेला. मोठ्या गाईम्हशीला चाऱ्यातून आणि चाऱ्याबरोबर पोटात जाणाऱ्या मातीतून लोह भरपूर मिळतं, तिला लोह कमी पडणं विरळाच. लोहाच्या इंजेक्शनची खरी गरज कुणाला तर डुकराच्या पिल्लांना, कारण डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी आणि सिमेंटच्या गोठ्यात पिल्लांना मातीही मिळत नाही, म्हणून जन्मल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आसपास २०० मिलिग्रॅम लोह टोचतात. नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासराला लागू शकतं, जंतांनी किंवा गोचिडींनी खूप रक्त प्यालेल्या जनावराला कारण दूर केल्यावर लागू शकतं. आणि आम्ही काय करतो, गाय सुस्त दिसली की लाल बाटली. ती बाटली लाल आहे म्हणून आम्हाला रक्तासारखी वाटते, दुसरं काही नाही.

गोचिडीतून येणारे रक्ताचे आजार पण एक नाही, मुख्य तीन, आणि इथंच सगळा घोळ आहे. थायलेरिया, म्हणजे आपण ज्याला गोचीड ताप म्हणतो, त्यात १०४ ते १०६ डिग्री ताप, खांद्यापुढची आणि कासेच्या वरची गाठ सुजते, जनावर पांढरं पडत जातं. त्याला बुपार्वाकोन नावाचं औषध, वजनाच्या किलोमागं अडीच मिलिग्रॅम. दुसरा बबेसिया, त्यात ताप असतो आणि लघवी लाल, त्याला डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब. तिसरा अ‍ॅनाप्लाझ्मा, त्यात जनावर पांढरं पिवळं पडतं, शेण कडक होतं पण लघवी लाल होत नाही, त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन. आता बघा, बुपार्वाकोननं बबेसिया बरा होत नाही, डायमिनाझिननं थायलेरिया बरा होत नाही, आणि लोहानं तिन्हीतला एकही नाही. अंदाजानं मारलं तर तीनात एक लागायची शक्यता आणि तेवढ्यात तीन दिवस गेले. बुपार्वाकोन तर पहिल्या दिवसांत दिलं तरच नीट काम करतं, पेशी निम्म्या फुटून गेल्यावर जंतू मेला तरी गाईच्या अंगात जगायपुरतं रक्तच उरलेलं नसतं.

हे ओळखायला लागतं काय तर एक काचेची पट्टी. गेल्या वर्षी ज्येष्ठात माझी कालवड चंद्री तापली तेव्हा मी सकाळी सहाला पापणी ओढली, फिकट दिसली, साडेसहाला फोन लावला. डॉक्टरांनी तिच्या कानाच्या टोकाला सुई टोचून एक थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेनं तो असा पातळ ओढला जसं आपण तव्यावर धिरडं पसरतो, वाळवला, कागदात गुंडाळला. मी हट्टानं त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. रंग लावून दुर्बिणीखाली ठेवल्यावर त्यांनी मला पण बघायला दिलं. गुलाबी गुलाबी टिकल्या सगळीकडं पसरलेल्या, आणि त्यातल्या काही टिकल्यांच्या आत बारीकशी अंगठी, तिला जांभळा ठिपका. तो जंतू. गौरीला ज्यानं मारलं तो मी पहिल्यांदा बघितला. अर्धा पाऊण तास लागला असेल सगळ्याला. त्याच दुपारी चंद्रीला बुपार्वाकोन दिलं, अंदाजे २०० किलोची कालवड म्हणजे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिली, मानेच्या मांसात.

तरी चंद्रीचं रक्त आणखी दोन दिवस उतरतच गेलं. तपासणीत लाल पेशींचा टक्का अकरावर आला, चांगल्या गाईत तो २४ ते ४६ असतो असं सांगितलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या जनावराचं रक्त द्यायचं, कुणाचा बैल मिळेल का. मला माहीतच नव्हतं की जनावराला पण रक्त चढवतात. शेजारच्या मामांचा खिलार बैल, सव्वाचारशे किलोचा, मामा एका शब्दानं तयार झाले. आधी बैलाच्या रक्ताची पण काच बघितली, नाहीतर त्याचाच जंतू हिला जायचा. मग त्याच्या मानेच्या शिरेत जाड सुई घालून तीन लिटर रक्त बाटल्यांत घेतलं, बाटलीत आधीच सोडियम सायट्रेट घातलेलं असतं म्हणजे रक्त गोठत नाही, एक माणूस सारखा बाटली हळूहळू हलवत होता. बैल शांत उभा, मामी त्याच्या कपाळावर हात ठेवून. गाईला पहिल्यांदाच रक्त देताना गट जुळवून बघायची सहसा गरज पडत नाही म्हणे, दुसऱ्यांदा द्यायचं तर मात्र धोका. तरीसुद्धा पहिली दहा पंधरा मिनिटं एकेक थेंब सोडला, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून बसलेले, थरथर सुटते का, दम लागतो का बघत. नंतर वेग वाढवला. अडीच तास गेले. हे उसनं रक्त काही दिवसच टिकतं, तेवढ्यात जनावराच्या हाडातलं स्वतःचं रक्त तयार व्हायला लागलं पाहिजे, म्हणजे तेवढी सवड आपण विकत घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रीनं माझ्या हातातलं मूठभर हिरवं गवत ओढून घेतलं तेव्हा मी गोठ्यातच रडले. ती आता गाभण आहे, पाचवा महिना.

आता म्हशीचं. माझ्या मावशीची म्हैस निपाणीकडं, व्यायल्यावर तीन आठवड्यांनी कॉफीसारखी लघवी करायला लागली. तिकडं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की गोचीड ताप, दोन महागडी इंजेक्शनं झाली पण. मी फोनवर मावशीला एकच विचारलं, ताप किती आहे. तापच नव्हता. हा आजार गोचिडीचा नाहीच, व्यायल्यानंतर दुधातून फॉस्फरस निघून जातो, चाऱ्यात नुसतं भाताचं पिंजार आणि उसाचं वाडं, त्यात फॉस्फरस कमी, मग लाल पेशीची भिंत कच्ची होऊन पेशी फुटतात. त्याला औषध सोडियम अ‍ॅसिड फॉस्फेट, डॉक्टर ते ६० ग्रॅम ३०० मिली पाण्यात करून शिरेतून देतात आणि नंतर तोंडानं. औषधाची किंमत म्हणाल तर काहीच नाही, आणि मावशीनं आधी जे दोन इंजेक्शनांना घातले ते गेलेच. लाल लघवी दिसली की आधी थर्मामीटर, एवढं एक जरी लोकांनी केलं तरी किती म्हशी वाचतील.

शेरडामेंढरांचं अजून वेगळं. त्यांच्या पोटात एक जंत असतो, लाल पांढऱ्या पिळाचा, तो नुसता रक्तच पितो, जनावर पांढरं पडतं आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज येते. दक्षिण आफ्रिकेत यासाठी डोळ्याच्या पापणीच्या रंगाचा तक्ता केलाय, लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच रंग, ज्याचा रंग उतरला त्यालाच जंताचं औषध द्यायचं, सगळ्या कळपाला सरसकट नाही, म्हणजे औषध जंतांच्या सवयीचं होत नाही. हा तक्ता आपल्या धनगर बांधवांच्या हातात असता तर. एका कार्डाचा तर प्रश्न आहे.

दुसरी बाजू रक्त न थांबण्याची. त्यात पण हाच अंदाजपंचे कारभार. दुकानात "रक्त बंद व्हायचं इंजेक्शन" मागितलं की कुठलंतरी एक देतात, कधी इथामसिलेट, कधी ट्रानेक्झॅमिक, कधी व्हिटॅमिन के. शिंग मोडलं, पत्रा लागला तर खरं म्हणजे आधी स्वच्छ फडकं घट्ट दाबून बांधायचं असतं, त्यानंच बहुतेक वेळा थांबतं. पण आमच्या वाडीतल्या एका घरचा राखणीचा कुत्रा, मोत्या, भाताच्या बांधावर ठेवलेलं उंदराचं औषध खाऊन आला. चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या, पोट फुगलं. घरच्यांनी दोन वेळा रक्त बंद व्हायचं इंजेक्शन मारून घेतलं, व्हिटॅमिन के पण दिलं म्हणाले, आणि तरी कुत्रा गेला.

हे का झालं ते सांगते कारण हे औषध घराघरात ठेवतात. उंदराच्या त्या वड्यांत ब्रोमाडिओलोनसारखं विष असतं. रक्त गोठवणारे जे घटक यकृतात तयार होतात त्यातल्या चार घटकांना व्हिटॅमिन के लागतं, आणि हे विष ते व्हिटॅमिन परत वापरूच देत नाही. आधीचे घटक संपेपर्यंत दोन तीन दिवस जनावर चांगलं दिसतं आणि मग एकदम आतबाहेर रक्त सुटतं. ट्रानेक्झॅमिक काय करतं तर झालेली गुठळी टिकवतं, पण इथं गुठळीच होत नाही तर टिकवणार काय. याला औषध व्हिटॅमिन के वन, आणि ते एक दिवस नाही, असल्या विषाला रोज तीन चार आठवडे, तेलकट खाण्याबरोबर दिलं तर चांगलं अंगी लागतं. दुकानात बऱ्याचदा मिळतं ते के थ्री, ते या विषावर चालत नाही. नाव सारखं, पुढचा आकडा वेगळा, आणि त्या आकड्यावर जीव. वडी खाताना बघितलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्त दिसायच्या आधी के वन सुरू झालं तर कुत्रा वाचतो.

या विषाची गोष्ट तर गाईंपासूनच सुरू झाली आहे. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गुरं शिंग कापल्यावर, खच्ची केल्यावर रक्त न थांबून मरायला लागली, तिथल्या पशुवैद्यांनी शोधून काढलं की बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाल्ल्यानं असं होतं. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेलं रक्त भरलेला डबा आणि ते बुरशीचं गवत घेऊन बर्फातून गाडी हाकत विद्यापीठात कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञाकडे पोचला. त्यातून आधी रक्त गोठू न देणारं डायक्युमरॉल सापडलं आणि पुढं वॉरफेरिन, जे १९४८ ला उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं आणि नंतर माणसांना पण द्यायला लागले. माझ्या सासऱ्यांना हृदयाची झडप बदलल्यावर रोज जी गोळी आहे ती हीच. हे वाचलं तेव्हा मला त्या शेतकऱ्याबद्दल फार आपुलकी वाटली, रक्ताचा डबा घेऊन तो विचारायला गेला, की हे असं का. आमच्यातलं कुणी असं विचारायला गेलं तर कुठं जाणार आणि कुठल्या भाषेत विचारणार.

सापाचं पण लिहिते कारण भातकापणीत दरवर्षी होतंच. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायचं बंद होतं, दातांतून, लघवीतून, सुईच्या भोकातून सुद्धा रक्त येत राहतं. याला व्हिटॅमिन के नाही, ट्रानेक्झॅमिक नाही, लोह तर नाहीच. याला लागते सर्पविषावरची लस, म्हणजे प्रतिविष, तीच जी माणसाला देतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरची. ओळखायला साधी परीक्षा, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकं करून बघायचं, पातळच राहिलं तर विष रक्तात आहे. नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकची नाही. लस महाग आहे, मोठ्या जनावराला परवडत नाही हे मला कळतं, पण निदान दुसरी इंजेक्शनं मारून शेतकऱ्याचे पैसे आणि जनावराचे तास घालवू नयेत.

डोसाचं एक सांगून ठेवते, कारण ही सगळी औषधं वजनावर असतात आणि आपल्याकडे वजन नजरेनं ठरवतात. शिंप्याच्या टेपनं पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं, किलोत वजन येतं. घेर ७०, लांबी ६० आली तर साधारण ४४५ किलो. डॉक्टरला फोनवर हा आकडा सांगितला की त्यांचं अर्धं काम होतं. आणि औषध दिल्यावर किती दिवस दूध डेअरीत घालायचं नाही ते पण विचारायचं. ऑक्सिटेट्रासायक्लिनचं दूध तसंच घातलं तर त्याचं दही नीट लागत नाही, आणि तेच दूध कुणाच्यातरी लेकराच्या पेल्यात जातं, बेळगावच्या कुंद्यात जातं.

आता माझं मागणं. मी कन्नडच्या विरोधात नाही, माझी दोन्ही पोरं शाळेत कन्नड शिकतात आणि माझी चंद्री एका कन्नड डॉक्टरनंच वाचवली. पण दवाखान्याच्या भिंतीवर गोचिडीचा जो तक्ता लावलाय तो फक्त कन्नडमध्ये, औषधाच्या बाटलीवर बारीक इंग्रजी, आणि माझ्यासारख्या बाईला त्यातलं फक्त जनावराच्या तोंडाचं चित्र कळतं, म्हणजे हे औषध जनावराचं आहे एवढंच. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या हे तर मान्य झालेलं आहे, खानापूर, बेळगाव, निपाणीकडं आम्ही त्याहून कितीतरी जास्त आहोत. बोर्डाच्या भाषेवर आपण इतकी वर्षं भांडतोय आणि ते भांडायलाच पाहिजे, पण माझ्या मते सगळ्यात आधी मराठीत यायला पाहिजे तो औषधाचा डोस. पाटी वाचता आली नाही तर माणूस विचारत जातो, डोस चुकला तर दावं रिकामं होतं.

तालुक्याच्या प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात रक्ताची काच तपासायची सोय रोज चालू पाहिजे, आठवड्यातून एकदा नाही. बुपार्वाकोन, व्हिटॅमिन के वन आणि रक्त घ्यायच्या सायट्रेटच्या बाटल्या पावसाळ्याआधी आलेल्या पाहिजेत. थायलेरियाची लस आपल्या देशातच तयार होते, हैदराबादला, पण ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. वीर्याच्या कांड्या त्याच नायट्रोजनच्या टाकीत गावोगाव फिरतात, मग त्याच टाकीतून लस का फिरत नाही हे मला कुणीतरी समजावून सांगावं. चेन्नईच्या पशुवैद्यकीय कॉलेजात जनावरांची रक्तपेढी आहे, बेळगावसारख्या जिल्ह्यात जिथं घरटी जनावर आहे तिथं रक्त द्यायला तयार असलेल्या चार बैलांची यादी तरी असावी. आणि १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार नोंदणी झालेल्या पशुवैद्यानंच करायचे आहेत, पण डॉक्टरांच्या जागा भरल्याच नाहीत तर लोक जो येईल त्यालाच बोलावणार, यात शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही.

गोचिडीबद्दल पण आमचं चुकतं, आम्ही गाईच्या अंगावरच्या वेचतो. एक मादी हजारो अंडी घालते आणि ती घालते भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या फटीत. मी यंदा पाडव्यानंतर गोठ्याच्या सगळ्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, चुना मारला, औषध अंगावर फवारलं त्याच दिवशी भिंतीवर पण फवारलं. या पावसाळ्यात आतापर्यंत एकही जनावर तापलेलं नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या वाचकांत पशुवैद्य असतील, निवृत्त झालेले पण असतील. कुणीतरी एका पानावर साध्या मराठीत लिहून द्यावं, पापणीचे पाच रंग, ताप किती असला तर काय, लघवी लाल असली तर आधी काय बघायचं, उंदराचं औषध खाल्लं तर कुठलं व्हिटॅमिन, साप चावला तर काय करायचं नाही, आणि खाली १९६२ नंबर मोठ्या अक्षरात. तुम्ही ते पान पेपरात छापा. आमच्या तालुक्यातल्या जेवढ्या डेअऱ्यांपर्यंत मला एसटीनं जाता येईल तिथं मी स्वतः नेऊन चिकटवते, झेरॉक्सचा खर्च माझा.

आपली,
एक दूध उत्पादक महिला,
खानापूर तालुका, जि. बेळगाव
(कृपया नाव छापू नये)